चंद्रावर गेलेला जुळा

माईंच्या घरी जेवताना बातम्या ऐकायची पद्धत होती, आणि त्या वाचायचं काम ठोंब्याकडे होतं. ठोंब्या म्हणजे प्रयोगशाळेतला यंत्रमानव. कामाला वाघ, पण वाचायला बसला की समोर जे जे छापलेलं असेल ते ते सगळं वाचायचा, अगदी विरामचिन्हांसकट.

"चंद्रावरच्या मोजणीने बदलला पृथ्वीवरचा भूतकाळ प्रश्नचिन्ह," ठोंब्याने सुरुवात केली. "बालाघाटच्या डोंगरातल्या प्रयोगशाळेत नवल स्वल्पविराम आजच्या मोजणीचा कालच्या घटनेवर परिणाम होत असल्याची चर्चा पूर्णविराम."

शलाकाचा घास हातातच राहिला.

"माई, बालाघाटच्या डोंगरातली म्हणजे आपलीच ना?"

"आपलीच. आणि नवल-बिवल काही नाही. वरण घे, गार होतंय."

माई म्हणजे डॉक्टर कुमुद सोळुंके, शलाकाच्या आईची आई. साऱ्या पंचक्रोशीत त्यांना माईच म्हणत. बंद पडलेल्या एका दगडखाणीत त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली होती, कारण तिथे ट्रकची धडधड नव्हती आणि चारी बाजूंनी दगड असल्यामुळे उपकरणं जराही हलत नसत. माईंना काहीही विचारा, उत्तर मिळायचं. मात्र एखादं माणूस रडायला लागलं की त्या पार गोंधळून जात आणि चष्मा पुसत बसत.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. शाळेला सुट्टी, म्हणून बाबा शलाकाला माईंकडे सोडून गेले होते. सहावीतली मुलगी खाणीत, डोंगरात हुंदडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ती बहुतेक वेळ गप्पच असायची. आणि रविवार आला की जास्तच गप्प. रविवारी चंद्रतळावरून तिच्या आईचा फोन यायचा. आजही रविवारच होता.

शलाकाची आई हेमांगी दोन वर्षांसाठी चंद्रतळावर गेली होती. माईंच्याच प्रयोगाचं तिकडचं टोक ती सांभाळत होती. तिला जाऊन पाच महिने झाले होते आणि या पाच महिन्यांत शलाका तिच्याशी तीनच गोष्टी बोलली होती. "बरी आहे." "हो." "अभ्यास चाललाय."

याचं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आई निघायच्या आदल्या दिवशी ती आईला म्हणाली होती, "जा खुशाल. तू गेलीस तरी मला काही फरक पडत नाही." खरं तर खूप फरक पडत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंगणात जमले तेव्हा ती गच्चीवर सौर पॅनेलच्या मागे जाऊन लपली. आपण दिसलो नाही की आई हाक मारील, शोधत वर येईल, मग आपण तिला घट्ट धरून ठेवू, असा तिचा बेत होता. पण आईने हाक मारली नाही. ती बाबांशी काहीतरी बोलली, मोठ्याने हसली आणि गाडीत बसून निघून गेली. हसत हसत गेली! ते हसणं शलाकाच्या कानातून काही केल्या जात नव्हतं. आई रागावली असेल की तिला खरंच काही वाटलं नसेल? दोन्हीपैकी काहीही असलं तरी ऐकायची शलाकाला भीती वाटत होती.

आणि आता हा ठोंब्या सांगत होता की आजच्या मोजणीने कालची गोष्ट बदलते. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं ते ठोंब्याने वाचलं, पण शलाकाने ते ऐकलंच नाही.

"माई, खरंच भूतकाळ बदलता येतो?" तिने ताटाकडे बघत विचारलं.

"कुणाचा?"

"कुणाचाही. असंच विचारते."

माईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "असंच" विचारणाऱ्या माणसाचा आवाज असा नसतो एवढं त्यांनाही कळत होतं. पण त्या नेहमीप्रमाणे एवढंच म्हणाल्या, "हात धू आणि चल खाली. दाखवते."

खाणीच्या तळाशी पावसाचं पाणी साठून एक डबकं झालं होतं. माईंनी शलाकाला दोन खडे दिले. "दोन्ही हातांनी एकदम टाक. जरा अंतर ठेवून."

डुबुक! दोन ठिकाणांहून गोल गोल तरंग निघाले, पसरत पसरत एकमेकांत शिरले.

"नीट बघ. काही ठिकाणी पाणी दुप्पट उसळतंय. तिथे दोन्ही लाटांची उंच बाजू एकदम आली. आणि काही ठिकाणी पाणी जवळजवळ स्थिर आहे. तिथे एकीची उंच बाजू आणि दुसरीची खोल बाजू एकत्र आली, आणि दोघींनी एकमेकींना पुसून टाकलं. याला म्हणतात व्यतिकरण (दोन लाटा एकमेकींत मिसळून कुठे वाढणं, कुठे नाहीशा होणं)."

मग त्या तिला आत घेऊन गेल्या. काळ्या टेबलावर पत्र्याची एक पट्टी उभी होती आणि तिच्यात दोन बारीक, उभ्या फटी होत्या. समोर पडदा होता.

"फटींवर प्रकाश टाकला की पडद्यावर पट्टे उमटतात. उजेड, अंधार, उजेड, अंधार. डबक्यासारखंच. आता गंमत ऐक. आम्ही प्रकाश इतका मंद करतो की एका वेळी एकच फोटॉन (प्रकाशाचा सर्वांत लहान कण) निघतो. एकटाच. तो पडद्यावर आपटला की एक ठिपका उमटतो. मग दुसरा, मग तिसरा. हजारो ठिपके झाले की काय दिसत असेल?"

"दोन फटींसमोर दोन ढीग?"

"पट्टे!"

"पण एकट्या कणाची लाट मिसळणार कुणाशी?"

"शाबास. अगदी बरोबर जागी अडलीस. जणू काही तो एकटा कण दोन्ही फटींमधून गेला. म्हणून आम्ही फटींपाशी पहारा बसवला, प्रत्येक कण कुठून जातो ते टिपायला. त्याबरोबर पट्टे गायब. नुसता एक पसरट डाग. कोणत्या फटीतून गेला याची नोंद जगात कुठेही राहिली की पट्टे नाहीत. नोंद नसली की पट्टे."

"लबाडच आहे की!"

"लबाड नाही गं. आपल्याला ओळखीचा नाही, एवढंच."

टेबलावर फटींच्या मागे एक लहानसा स्फटिक होता, खडीसाखरेच्या खड्याएवढा. माईंनी त्याच्याकडे बोट केलं. "इथून पुढे तुझ्या आईचं काम. या स्फटिकात एक फोटॉन शिरला की त्याचे दोन होतात. जुळे. आम्ही त्यांना गुंतलेले कण म्हणतो (दोघांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात, मग ते कितीही लांब असोत). एक जुळा इथल्या पडद्यावर आपटतो. त्याचा ठिपका पडला की त्याची गोष्ट संपली. दुसरा मोठ्या दुर्बिणीतून चंद्रावर जातो. तिकडे त्याला गोठवलेल्या स्फटिकात तासभर थांबवून ठेवतात. मग तुझी आई ठरवते."

"काय ठरवते?"

"तिच्याकडे एक अर्धपारदर्शक आरसा आहे (अर्धा प्रकाश आरपार जाऊ देणारा, अर्धा परतवणारा). आरसा लावला नाही, तर कुठल्या फटीतला जुळा ते तिला कळतं. आरसा लावला, तर दोन्ही फटींच्या वाटा एकमेकींत मिसळतात आणि तो कुठून आला हे कुणालाच, कधीच कळू शकत नाही. आरशाच्या दोन बाजूंना दोन टिपकयंत्रं आहेत (कण आला की त्याची नोंद करणारी). डावं आणि उजवं. जुळा त्यांपैकी एकावर पोचतो."

"आणि मग?"

"तिने आरसा लावलेला असला तर इथल्या ठिपक्यांत पट्टे सापडतात. लावला नसला तर सापडत नाहीत."

शलाका मनात हिशोब करत राहिली आणि तिचे डोळे मोठे झाले. "पण ठिपके तर तासभर आधीच पडलेत! आईने काय ठरवलं ते त्यांना आधी कसं कळलं? म्हणजे आईनेच मागे जाऊन बदललं!"

"बातमीवाल्यांनाही तसंच वाटलं," माई म्हणाल्या. "पण माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस आणि त्यांच्याही नाही. आज तू पहारा कर."

माईंच्या प्रयोगशाळेत एक नियम होता. आधी कागद, मग चंद्र. पडद्यावरचे ठिपके छापून तो कागद प्रयोगाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात द्यायचा, आणि तो दिला असं कळवल्यावरच चंद्रतळावर आरशाचा निर्णय व्हायचा. निर्णयही आपल्या मनाने घ्यायचा नाही. हेमांगी अंबाजोगाईहून फोडलेला एक चिंचोका घेऊन गेली होती, आपण पट खेळताना टाकतो तसला. पांढरी बाजू वर आली तर आरसा लावायचा, काळी आली तर नाही. चंद्रतळावरच्या बाकीच्या शास्त्रज्ञांना आधी याचं हसू यायचं. आता तो टाकायला रांग लागत असे.

दुपार उतरली. अष्टमीचा अर्धा चंद्र उजेडातच डोंगरावर आला होता. ठोंब्याने छापलेला कागद शलाकाच्या हातात दिला. त्यावर तीनएकशे ठिपके होते आणि प्रत्येकाला बारीक अक्षरात क्रमांक होता. पट्टे-बिट्टे काही नव्हते. मधे दाट आणि कडेला विरळ, असा एक डाग होता.

शलाका कागद घेऊन खाणीच्या काठावर जाऊन बसली. तिने एक ठिपका निवडला, बरोबर मधला, आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. काही हलणारच असेल तर हाही हलायला हवा होता. इतका इतकासा ठिपका. एवढा जरी सरकला, तरी मागचं बदलता येतं असं ठरलं असतं. मग माईंना सांगून शलाका ती सकाळही बदलून घेणार होती. ती जिन्यावरून धावत खाली आली असती. आईच्या कमरेला मिठी मारली असती. निदान "लवकर ये" एवढं तरी म्हणाली असती.

"हल ना रे," ती ठिपक्याला म्हणाली. "एकदाच."

तासाभराने आतल्या भोंग्यातून आईचा आवाज आला, लांबून आल्यासारखा पण स्वच्छ. "माई, चिंचोका टाकतेय हं. इथे तो पडायलाही नखरे करतो. हां, पांढरी बाजू. आरसा लावला. नोंदी पाठवते."

शलाकाने पापणी लवू दिली नाही. ठिपका गोलाच्या मधोमध होता. ती बघत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने मनगटाने पुसलं आणि पुन्हा बघितलं. ठिपका गोलाच्या मधोमधच होता.

माई आणि ठोंब्या बाहेर आले, आणि ठोंब्याने तिच्या हातातला कागद पडद्यावरच्या नोंदीशी ताडून पाहिला. "एकही ठिपका हललेला नाही पूर्णविराम," तो म्हणाला.

"मग तुझ्या यंत्राचा काय उपयोग, माई?" शलाका ओरडली. तिने कागद फेकून दिला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागली. हुंदके देत देत तिने सगळं सांगितलं. आदल्या दिवशी काय बोलली ते, गच्ची, पॅनेल, आईचं मोठ्याने हसणं. "मला ते बदलायचं होतं. सगळं नाही. तेवढंच."

माई तिच्याशेजारी खाली बसल्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांना बसायलाही वेळ लागला. चष्मा पुसावा म्हणून त्यांनी खिशातून फडकं काढलं, ते भिंगं पुसायचं खास मऊ फडकं, ज्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मग त्यांनी ते शलाकाच्या हातात दिलं. "घे. नाक पूस."

शलाकाने नाक पुसलं.

मग माई म्हणाल्या, "काम अर्धंच झालंय. ठिपके रंगवायचे राहिलेत. रंगवतेस? रडत रडत रंगवलंस तरी चालेल."

चंद्रावरून नोंद आली होती. कितव्या क्रमांकाचा जुळा डाव्या टिपकयंत्रावर गेला आणि कितवा उजव्या, एवढीच. ठोंब्या क्रमांक वाचणार होता. डावा असेल तर ठिपका लाल, उजवा असेल तर हिरवा. पण शलाकाचा राग गेला नव्हता. हिरव्या पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, ते करायचा तिला कंटाळा आला. नाहीतरी काय फरक पडतो, असं म्हणून तिने डावे-उजवे सगळेच ठिपके लाल करून टाकले. शेवटी समोर काय आलं? तोच डाग. आधी काळा होता, आता लाल, एवढंच.

"बघ," ती म्हणाली. "काही नाही."

माई रागावल्या नाहीत. उलट खूश झालेल्या दिसल्या. "चुकलीस ते बरं झालं. चंद्राने काय सांगितलं ते कानाआड केलं की इथल्या कागदावर एवढंच दिसतं. आईने आरसा लावो, न लावो, तिने चिंचोका टाकायच्या आधी बघ नाहीतर नंतर बघ, नुसत्या कागदावर कायम हाच डाग. ठोंब्या, दुसरी प्रत दे. आणि पेन्सिलीला टोक कर."

या वेळी शलाकाने नीट रंगवलं. "सतरा, उजवा. अठरा, डावा. एकोणीस, डावा." अर्धे ठिपके होईपर्यंत तिला काही जाणवलं नाही. मग तिचा हात मंदावला. लाल ठिपके कुठेही पडत नव्हते. ते उभ्या रांगांमध्ये दाटत होते. लाल रांग, मग मोकळी जागा, मग लाल रांग. आणि हिरवे ठिपके? ते नेमके त्या मोकळ्या जागांमध्ये.

"माई! पट्टे!"

"कुठून आले?"

शलाकाने कागद जवळ धरला, लांब धरला. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. "आले नाहीत," ती हळू आवाजात म्हणाली. "इथेच होते. लालच्या मधल्या जागा हिरव्यांनी भरल्या होत्या, आणि हिरव्यांच्या लालांनी. म्हणून सगळे एकत्र बघितले की डाग. कुठला ठिपका कुणाच्या बाजूचा, हे फक्त चंद्रालाच माहीत होतं."

माईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच बसली.

"आणि काळी बाजू पडली असती तर?" शलाकाने विचारलं.

"आरसा लागला नसता. मग नोंद आली असती, पहिली फट की दुसरी फट. त्याप्रमाणे रंगवलं असतंस तर दोन डाग मिळाले असते, एकावर एक. पट्टे नाहीत. कागद मात्र हाच. आपण चंद्राला कोणता प्रश्न विचारतो, त्यावर याच ठिपक्यांची वाटणी वेगळी होते."

"म्हणजे आईच्या मोजणीने भूतकाळ बदलत नाही."

"जे घडून उमटलं ते नाही बदलत. यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात बरं का. काही म्हणतात, कुठल्या फटीतून गेला हे त्या वेळी ठरलेलंच नव्हतं, मग बदलणार काय? काही जण आणखी वेगळं सांगतात. माझे स्वतःचेच विचार तीनदा पालटलेत. पण पडलेला ठिपका नंतरच्या मोजणीने हलला असं अजून कुणालाही दिसलेलं नाही. आणि यातून मागे निरोप धाडता येत नाही, कारण चंद्राची नोंद हातात येईपर्यंत इथे वाचण्यासारखं काही नसतंच. नंतरची मोजणी एवढंच करते, मागचे ठिपके कसे वाचायचे ते सांगते."

शलाका कागदाकडे बघत होती. माई खाकरल्या. चष्मा काढला, पण फडकं शलाकाकडे होतं, तेव्हा तो तसाच पुन्हा घातला.

"हे बघ शलू, माणसं म्हणजे फोटॉन नव्हेत. उगाच जुळवाजुळव केलेली मला आवडत नाही. पण एक गोष्ट माझ्या धंद्यात मी शिकले आहे. अर्ध्या नोंदीवरून निष्कर्ष काढू नये. त्या सकाळचे तुझ्याकडे आहेत ते सगळे ठिपके खरे आहेत. आई हसली, हे खरंच आहे. हाक मारली नाही, हेही खरं आहे. पण तुझ्याकडची नोंद अर्धी आहे."

"दुसरी अर्धी आईकडे," शलाका म्हणाली.

"आणि ती अजून लाइनवर आहे. मी तिला थांब म्हटलंय."

शलाका उठली. ती आत गेली आणि फोनच्या पडद्यासमोरच्या उंच स्टुलावर बसली. पडद्यावर आई होती, केस तरंगल्यासारखे दिसणारी, जरा बारीक झालेली. चंद्रावर शब्द जाऊन उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. इतके दिवस शलाकाला ते अडीच सेकंद नको वाटायचे. आज वाटलं, बरंच आहे, तेवढा तरी श्वास घेता येईल.

"आई, तू निघालीस त्या दिवशी हसलीस का?"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आईच्या चेहऱ्यावरून तो प्रश्न सरकत गेलेला दिसला.

"तुला ऐकू आलं होतं?" आई म्हणाली. "ऐकू जावं म्हणूनच तर हसले गं. पॅनेलखालून तुझ्या पिवळ्या फ्रॉकचा काठ दिसत होता. बाबा म्हणाले, हाक मार. मी म्हटलं, हाक मारली तर ती येईल, आणि ती आली तर माझ्याच्याने जाववणार नाही. रडू तर येतच होतं. पण तू वरून बघत होतीस. रडत गेले असते तर तुझ्या डोळ्यांसमोर दोन वर्षं रडणारी आई राहिली असती. म्हणून हसले, मोठ्याने. बाबांनी विनोद-बिनोद काही केला नव्हता. ते बिचारे घाबरलेच."

शलाकाला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. "मला वाटलं, मी आले नाही ते तुला बरंच वाटलं."

पुन्हा ती वाट बघणं.

"नाही रे राजा. गाडीत बसल्यावर मी मागे वळून वळून बघत होते. गच्चीवर कुणी दिसतंय का म्हणून. वळण येईपर्यंत. कुणी नव्हतं. मग मला वाटलं, माझ्या लेकीने साधा हातसुद्धा केला नाही, इतकी मी तिला दुखवलीय. पाच महिने मी तेच धरून बसलेय. तू फोनवर 'बरी आहे' म्हणतेस ना, तेव्हा तर फारच."

शलाका स्टुलावरून खाली उतरली. ही गोष्ट तिने माईंनाही सांगितली नव्हती. ती मोजण्यासारखी आहे असंच तिला वाटलं नव्हतं. कुणी पाहिली नाही ती गोष्ट घडून काय उपयोग?

"केला होता," ती म्हणाली.

पडद्यावरची आई अजून आपल्या आधीच्याच वाक्यापाशी होती. तिच्यापर्यंत हे पोचायचं होतं. शलाका थांबली नाही.

"तू वळणाआड गेलीस ना, तेव्हा मी उठले आणि कठड्यापाशी धावले. हात केला. दोन्ही हात केले. गाडी दिसत नव्हती, नुसती धूळ दिसत होती. धूळ खाली बसेपर्यंत करत होते, आई. हात दुखायला लागले. तुला दिसणार नाही हे माहीत होतं, तरी करत होते."

मग ती वाट बघू लागली. मागे माई दारात उभ्या होत्या. ठोंब्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा माईंनी त्याच्यावर डोळे वटारले.

पडद्यावर आईचा हात हळूच तोंडापाशी गेला. डोळे भरले, आणि चंद्रावर सगळंच सावकाश पडत असल्यामुळे ते भरलेलेच राहिले. मग तिने तोंडावरचा हात काढला, वर केला आणि हलवला. आधी एक, मग दोन्ही.

शलाकानेही हात केला. दोघी कितीतरी वेळ हात हलवत राहिल्या, एकीचा हात दुसरीला जरा उशिराच दिसत होता, पण दिसत होता.

"तू परत येशील ना," शलाका शेवटी म्हणाली, "तेव्हा मी गच्चीवर नसेन. वळणावरच उभी असेन. तुला आधी मीच दिसेन."

"ठरलं," चंद्रावरून उत्तर आलं. "आणि तोवर दर रविवारी मला सगळं सांगायचं. 'बरी आहे' चालणार नाही."

"आज काय झालं ते सांगू? मी सगळे ठिपके लाल केले!"

"सगळे? अगं, असं का केलंस?"

"थांब, सांगते," शलाका म्हणाली, स्टूल पुढे ओढून बसली, आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागली.